वरून धडधाकट, आतून तुंबलेला

इटलीतल्या पादुआ विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी झेब्राफिशच्या अंगातलं एक जनुक निकामी केलं आणि आता काय काय बिघडतं ते पाहत राहिले. बराच काळ काहीच बिघडलं नाही. अंड्यांतून पिल्लं बाहेर आली, पोहू लागली, वाढली आणि वयातही आली. वरवर पाहता त्यांच्यात आणि निरोगी माशांत फरक दिसेना. दोन्ही प्रती निकामी असलेल्या नर-मादीची जोडी लावली, तर त्यांचीही पिल्लं जगली. २०१९ साली ‘ऑटोफॅजी’ नावाच्या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झालं.

त्या जनुकाचं नाव ईपीजी-५. माणसात ते निकामी असलं तर चित्र अगदी वेगळं दिसतं. मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा चेतातंतूंचा जाड पट्टा तयारच होत नाही. डोळ्यांत मोतीबिंदू होतो, कातडी आणि केस घरातल्या इतरांपेक्षा फिकट असतात, हृदयाचा स्नायू दुर्बळ होतो आणि साधे जंतुसंसर्गही बाळाला झेपत नाहीत. यातली बरीच मुलं बालपण ओलांडत नाहीत. कार्लो दिओनिसी-विची या इटालियन डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दोन भावांमध्ये या लक्षणांचं वर्णन केलं, म्हणून या आजाराला विची सिंड्रोम म्हणतात. कोणत्या जनुकामुळे तो होतो हे कळायला पंचवीस वर्षं गेली. २०१३ मध्ये लंडनमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधनातून ईपीजी-५ समोर आलं. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष प्रत आली तरच आजार होतो. एकच सदोष प्रत असलेला माणूस ठणठणीत असतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. मामेबहिणीशी लग्नाची रीत असलेल्या आपल्या समाजात अशा प्रकारच्या आनुवंशिक आजारांची शक्यता एरवीपेक्षा जास्त राहते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

जनुक तेच, मग माशाला ते नसल्याचं जाणवतही नाही आणि मुलाचा जीव जातो, असं का? याचं उत्तर शोधताना ऊती निरोगी राहतात म्हणजे नेमकं काय होतं, याबद्दल बरंच हाती लागतं.

हे जनुक ऑटोफॅजी नावाच्या प्रक्रियेत काम करतं, म्हणून आधी ऑटोफॅजी म्हणजे काय ते पाहू. पेशीच्या आतला माल सतत जुना होत असतो. प्रथिनांची घडी चुकते, ती एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होतात. ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया झिजतात आणि झिजलेल्या मायटोकॉन्ड्रियांतून घातक रसायनं पाझरू लागतात. अशा मालाभोवती पेशी एक पातळ पडदा गुंडाळायला घेते. पडदा पसरत जातो, त्याची टोकं जुळतात आणि दुहेरी भिंतीची एक पिशवी तयार होते. तिला ऑटोफॅगोसोम म्हणतात. ही पिशवी लायसोसोमला जाऊन मिळते. लायसोसोम म्हणजे आम्ल आणि पाचक विकरांनी भरलेली पेशीतली दुसरी पिशवी. दोन्ही एक झाल्या की आतला माल विरघळतो, त्यातली अमिनो आम्लं सुटी होतात आणि पेशी ती नव्या बांधणीला वापरते.

लायसोसोमचा शोध बेल्जियमच्या क्रिस्तियान द द्यूव यांनी १९५५ मध्ये लावला आणि ऑटोफॅजी हे नावही त्यांनीच १९६३ मध्ये दिलं. पण ही प्रक्रिया चालते कशी आणि तिला कोणती जनुकं लागतात, हे पुढे तीसेक वर्षं कुणालाच ठाऊक नव्हतं. कोडं सुटलं जपानमध्ये, तेही यीस्टमध्ये. योशिनोरी ओसुमी यांनी १९८८ मध्ये तोक्यो विद्यापीठात स्वतःची छोटी प्रयोगशाळा थाटली. यीस्टच्या पेशीत लायसोसोमचं काम रिक्तिका करते. ओसुमींनी रिक्तिकेतली पाचक विकरं नसलेलं यीस्ट घेतलं, त्याला उपाशी ठेवलं आणि साध्या सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. काही तासांतच रिक्तिका बारीक गोळ्यांनी भरून गेली आणि ते गोळे आत थुईथुई नाचत होते. पिशव्या येऊन पोचत होत्या, पण विकरंच नसल्यामुळे त्यांतलं काही पचत नव्हतं. एरवी क्षणात विरघळून जाणारी गोष्ट अशी साठली, म्हणून तर ती दिसली. मग असं साठणं ज्यांच्यात होत नाही असे यीस्टचे वाण त्यांनी शोधून काढले आणि त्यांच्यावरून १९९३ पर्यंत पंधरा जनुकांचा माग लावला. या कामासाठी २०१६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना एकट्यांना मिळालं.

पण ईपीजी-५ ओसुमींना सापडणं शक्यच नव्हतं, कारण यीस्टमध्ये ते जनुकच नाही. ते बहुपेशीय प्राण्यांत आढळतं. बीजिंगमध्ये होंग झांग यांच्या गटाने ते २०१० मध्ये एका मिलिमीटरभर लांबीच्या सूत्रकृमीत शोधलं. या कृमीच्या गर्भात काही प्रथिनांचे कण ठरावीक पेशींतून वेळीच नाहीसे व्हावे लागतात. काही वाणांत ते नाहीसे होत नव्हते, आणि त्यामागे ज्या जनुकांचा दोष निघाला त्यांतलं हे एक. पुढच्या तीन वर्षांत कृमीतल्या या जनुकाचा संबंध थेट लंडनच्या रुग्णालयातल्या मुलांशी जुळला. मूलभूत संशोधनाचा काय उपयोग, असं विचारणाऱ्यांना द्यायला हे चांगलं उदाहरण आहे.

ईपीजी-५ चं प्रथिन अगदी शेवटच्या टप्प्यावर काम करतं. भरलेली पिशवी लायसोसोमपाशी आली की एका बाजूने ते लायसोसोमवरच्या रॅब-७ या प्रथिनाला धरतं, दुसऱ्या बाजूने पिशवीवरच्या एलसी-३ ला, आणि दोघांना जवळ आणून त्यांचं मीलन घडवतं. ते नसलं तर पिशव्या तयार होत राहतात, भरतात, पण योग्य ठिकाणी रिकाम्या होत नाहीत. काही तर भलत्याच पिशव्यांना जाऊन चिकटतात.

आता माशाकडे वळू. झेब्राफिश हा मूळचा आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश वैद्याने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या आपल्या ग्रंथात १८२२ मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. लांबी चार-पाच सेंटिमीटर, अंगावर निळे आडवे पट्टे. ॲक्वेरियमच्या दुकानांत झेब्रा डॅनिओ म्हणून मिळतो तोच. अमेरिकेत ऑरेगॉन विद्यापीठातल्या जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी १९८१ च्या सुमाराला त्याला प्रयोगशाळेतला प्राणी म्हणून प्रतिष्ठा मिळवून दिली. अंडं शरीराबाहेर वाढतं, गर्भ पारदर्शक असतो, एका दिवसात हृदय धडधडू लागतं आणि पाच दिवसांचं पिल्लू स्वतः पोहत भक्ष्य शोधतं. २०१३ मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात जोड सापडते असं दिसलं. मुंबईत टीआयएफआरमध्ये झेब्राफिशच्या त्वचेवर आणि पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत त्याच्या हृदयावर अभ्यास चालतो. म्हणजे गंगेकाठचा हा मासा ऑरेगॉनला फिरून पुन्हा आपल्याकडे आला, पण या वेळी टाकीतून.

पादुआच्या गटाने पिल्लांच्या शरीरातलं एलसी-३ मोजलं. पिशवी बनताना हे प्रथिन तिच्या पडद्याला चिकटतं, त्यामुळे चिकटलेलं एलसी-३ किती आहे यावरून पेशीत किती पिशव्या आहेत याचा अंदाज येतो. जनुक निकामी असलेल्या माशांत ते जास्त भरलं. इथे घाईने वाचणारा फसतो. पिशव्या जास्त म्हणजे सफाई जोरात, असं वाटतं. पण देवनारच्या कचराभूमीबाहेर गाड्यांची लांबच लांब रांग दिसली तर शहर झकास स्वच्छ होतंय असं कुणी म्हणत नाही. आत जायचं फाटक बंद असलं तरी रांग लागतेच. ऑटोफॅजीवरच्या कितीतरी बातम्यांत आणि जाहिरातींत नेमका हा घोटाळा असतो. पिशव्यांच्या संख्येवरून काही ठरत नाही. त्यांतला माल किती वेगाने पचतोय ते पाहावं लागतं. संशोधक त्यासाठी लायसोसोमचं काम औषधाने मुद्दाम थांबवतात. थांबवल्यावर पिशव्यांची संख्या वाढली तर आधी प्रवाह चालू होता, आणि फारसा फरक पडला नाही तर तो आधीच तुंबलेला होता, असा निष्कर्ष काढता येतो. पादुआच्या माशांच्या बाबतीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालची चित्रंही होती. स्नायूंच्या पेशींत अर्धवट, न पचलेला माल घेऊन बसलेल्या पिशव्या त्यांत स्पष्ट दिसल्या.

मग त्यांनी पिल्लांना उपाशी ठेवलं. यात काही विशेष करावं लागत नाही. पाच-सहा दिवसांत अंड्यातला बलक संपतो, त्यानंतर अन्न घातलं नाही की झालं. उपास घडला की ऑटोफॅजीला चालना मिळते. निरोगी पिल्लू अशा वेळी स्वतःचाच जुना माल पचवून दिवस काढतं. सदोष पिल्लांत पिशव्या आणखी वाढल्या, आणि स्नायूंत आता उघड बिघाड दिसू लागला.

तो बिघाड पाहायची रीत मोठी देखणी आहे. सूक्ष्मदर्शकात प्रकाशाच्या वाटेवर दोन ध्रुवक, म्हणजे पोलरॉइड, एकमेकांना काटकोनात बसवतात. पहिल्यातून आलेला प्रकाश दुसरा अडवतो आणि सगळं काळंभोर दिसतं. मध्ये गुंगीत असलेलं पिल्लू आडवं ठेवलं की त्या काळोखात फक्त स्नायू उजळतात. धडापासून शेपटीपर्यंत व्हीच्या आकाराचे खंड एकामागोमाग एक लखलखतात. स्नायूतले ॲक्टिन आणि मायोसिनचे तंतू इतके शिस्तीत, एकाच दिशेने रचलेले असतात की त्यांतून जाताना प्रकाशाचं कंपन फिरतं आणि तो दुसऱ्या ध्रुवकातून पार होतो. ही शिस्त बिघडली की उजेड मंदावतो. माशाला चिरा द्यायला नको की रंग घालायला नको. त्या उजेडाची तीव्रता मोजली की स्नायूची तब्येत कळते. उपाशी ठेवलेल्या सदोष पिल्लांत हा उजेड निरोगी पिल्लांपेक्षा लक्षणीय कमी भरला.

पोटभर खाणाऱ्या सदोष माशांनाही वयाने गाठलंच. ते मोठे होत गेले तशी त्यांची हालचाल मंदावली आणि स्नायू पातळ झाले. स्नायूंत न पचलेल्या पिशव्यांचा साठा वाढत गेला. जननग्रंथींत आणि हृदयातही रचनेतले बदल दिसले.

यावरून माझं मत असं झालं आहे की ईपीजी-५ कडे शरीर घडवणारं जनुक म्हणून पाहण्यापेक्षा शरीर राखणारं जनुक म्हणून पाहिलं पाहिजे, निदान माशात तरी. मासा त्याच्याशिवाय घडतो, पण घडलेला मासा त्याच्याशिवाय टिकत नाही. अशी जनुकं प्रयोगशाळेत सहज नजरेतून सुटतात, कारण जनुक निकामी करायचं आणि पाच दिवसांच्या पिल्लात व्यंग शोधायचं ही झेब्राफिशच्या प्रयोगांची जुनी सवय. पाचव्या दिवशी काही दिसलं नाही म्हणून फाइल बंद झालेली आणखी किती जनुकं असतील कोण जाणे.

सगळी ऑटोफॅजी जनुकं अशी सौम्य नाहीत. एटीजी-५ हे जनुक पिशवी तयार होण्याच्या टप्प्यावरचं. ते नसलेली उंदराची पिल्लं जन्मल्यावर एका दिवसातच मरतात. जन्मताच नाळेतून होणारा पुरवठा तुटतो आणि दूध अंगी लागेपर्यंतचा थोडा वेळ त्यांना स्वतःच्याच साठ्यावर काढायचा असतो. तेवढाही त्यांना निभावता येत नाही. ती जन्मापर्यंत तरी कशी पोचतात, याचं कारण आईच्या अंडपेशीत असतं. आईकडून आलेलं प्रथिन सुरुवातीचे दिवस भागवतं. ते अंडपेशीतूनही काढून टाकलं, तर गर्भ चार-आठ पेशींच्या पुढे जात नाही. आईची ही पुण्याई माशातही चालते, म्हणूनच पादुआच्या गटाने सदोष मादीची पिल्लंही तपासली हे महत्त्वाचं. आईकडून शिदोरी मिळाली नाही तरी ती जगली.

झेब्राफिशमध्ये एटीजी-५, एटीजी-७ आणि बेक्लिन-१ या ऑटोफॅजीच्या जनुकांची कामं गर्भावस्थेत दाबली तेव्हा हृदयाची जडणघडण बिघडली, असं २०१४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं होतं. पण दाबणं आणि निकामी करणं यांत फरक आहे. जनुक कायमचं निकामी केलं की काही वेळा पेशी त्याच्यासारख्याच दुसऱ्या जनुकांचा आवाज वाढवून नुकसान भरून काढते. २०१५ मध्ये जर्मनीतल्या एका गटाने झेब्राफिशमध्येच हे दाखवलं आणि या क्षेत्रातल्या बऱ्याच जुन्या निष्कर्षांकडे लोक साशंकतेने पाहू लागले. तेव्हा माशातलं एखादं जनुक किती मोलाचं, हे ठरवताना ते कोणत्या रीतीने बंद केलं होतं हेही पाहावं लागतं. वर्तमानपत्रातल्या बातमीत ही माहिती कधीच नसते.

मग ईपीजी-५ नसल्याचा जास्त भार स्नायू, हृदय आणि चेतापेशींवर का येतो? आतड्याच्या अस्तरातली पेशी काही दिवसांत झडून जाते आणि तिच्या आतला कचराही तिच्याबरोबर जातो. कातडीचंही तसंच. स्नायूची पेशी मात्र वर्षानुवर्षं तीच राहते, ती विभागत नाही, आणि दर आकुंचनाला तिच्यातले तंतू व मायटोकॉन्ड्रिया झिजतात. चेतापेशी तर बहुतेक जन्मभर सोबत करतात. ईपीजी-५ नसलेल्या उंदरांतही स्नायूंना चालवणाऱ्या ठरावीक चेतापेशीच प्रामुख्याने मरतात, असं २०१३ मध्ये दिसलं. जिथे पेशी बदलता येत नाही तिथे तिला आतून साफ ठेवण्यावाचून इलाज नाही.

झेब्राफिशचं खरं कौतुक असतं ते तुटलेला अवयव पुन्हा उगवण्यासाठी. त्याच्या हृदयाच्या कप्प्याचा पाचवा हिस्सा कापला तरी दोनेक महिन्यांत तो भरून येतो, हे २००२ मध्ये सिद्ध झालं. त्यातही ऑटोफॅजीचा हात आहे. शेपटीचा पर कापल्यावर ऑटोफॅजी रोखली तर पर नीट उगवत नाही, असं हंगेरीतल्या संशोधकांना आढळलं. मिशिगन विद्यापीठात माशाच्या डोळ्याला फिरवणारा स्नायू कापून पाहिला, तर उरलेल्या स्नायुपेशी आपली आकुंचनाची यंत्रणा ऑटोफॅजीनेच मोडून टाकतात, पुन्हा विभागण्याजोग्या होतात आणि त्यांतून नवा स्नायू बनतो. म्हणजे जी प्रक्रिया रोजची झीज आवरते, तीच गरज पडली तर अख्खी पेशी नव्याने घडवायलाही उपयोगी पडते.

आता उपासाबद्दल. ओसुमींना नोबेल मिळाल्यापासून आपल्या मोबाइलवर एक संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे: एकादशीच्या उपासावर जपानी शास्त्रज्ञाला नोबेल. ओसुमींनी उपाशी ठेवलं ते यीस्टला. भूक लागली की ऑटोफॅजी वाढते हे खरंच आहे, पण ती वाढणं हितकारक ठरेल की नाही हे पुढचा रस्ता मोकळा आहे का यावर अवलंबून. पादुआमध्येच पाओलो बोनाल्डो यांच्या गटाने २०१० मध्ये कोलॅजन-६ च्या दोषामुळे स्नायू झिजणाऱ्या उंदरांवर काम केलं होतं. त्या उंदरांत ऑटोफॅजी सुरूच नीट होत नव्हती. कमी प्रथिनांचा आहार देऊन ती चालू केली तेव्हा स्नायू सुधारले, आणि पुढे अशाच रुग्णांवर तसा आहार छोट्या प्रमाणात आजमावलाही गेला. बोनाल्डो ईपीजी-५ च्या संशोधनातही सहभागी होते, आणि इथे उपासानेच स्नायूची वाट लावली. दोष एकाच प्रक्रियेतला, पण सुरुवातीचा असेल तर चालना देऊन फायदा होतो आणि शेवटचा असेल तर त्याच चालनेने नुकसान. उपास करायचा तर श्रद्धेने करा, आवडीने करा. नोबेलच्या नावावर करू नका. मधुमेहाची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

पादुआच्या गटाने हे मासे औषधांच्या चाचणीसाठी सुचवले आहेत. पिल्लं इतकी लहान असतात की चाचणीच्या पट्टीवरच्या एकेका खोलगट खळग्यात एकेक ठेवून नुसतं पाण्यात औषध मिसळता येतं, आणि स्नायूंचा तो उजेड वाढतो का हे पाहता येतं. माझ्या मते इथे नुसत्या ऑटोफॅजी वाढवणाऱ्या औषधांचा भरवसा धरू नये. पिशवी आणि लायसोसोम यांची गाठ दुसऱ्या वाटेने घालून देणारं काही सापडलं तर ते खरं.

विची सिंड्रोमचं मूळ दूर करणारं औषध आज नाही. मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया, फिट्सवर आणि हृदयावर औषधं, जंतुसंसर्गापासून जपणूक, एवढंच हातात आहे. निदान मात्र रक्ताच्या जनुकीय तपासणीने होतं. तान्ह्या बाळात मोतीबिंदू, घरातल्यांपेक्षा फिकट केस आणि पुन्हा पुन्हा होणारे संसर्ग एकत्र दिसले, तर बालरोगतज्ज्ञांकडे या तपासणीचा विषय जरूर काढावा. निदान पक्कं झालं तर पुढच्या गरोदरपणात गर्भाची तपासणी करून घेता येते.